अहिराणी गाणे प्लेलिस्टच्या संपादकांपर्यंत कसे पोहोचवावे

खान्देशात नवे गाणे बहुधा अखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई (श्रावणातला देवीचा उत्सव) किंवा लग्नसराई डोळ्यांसमोर ठेवून केले जाते आणि सणाच्या तोंडावर ध्वनिमुद्रण उरकून लगेच यूट्यूबवर टाकले जाते. स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या ॲपवर मात्र ही घाई नडते, कारण तेथील प्लेलिस्ट म्हणजे निवडक गाण्यांच्या याद्या तयार करणाऱ्या संपादकांकडे केवळ अप्रकाशित गाण्यासाठीच अर्ज करता येतो.

म्हणून सणापासून उलटी मोजणी करावी. कानबाईची स्थापना नागपंचमीनंतरच्या रविवारी होते; त्या रात्रीच्या जागरणाआधी गाणे लोकांच्या कानांवर पडायचे असेल, तर ते दोन आठवडे आधी प्रकाशित व्हावे आणि त्याच्याही तीन-चार आठवडे आधी डिस्ट्रोकिड किंवा ट्यूनकोरसारख्या, गाणी अशा ॲपपर्यंत पोहोचवणाऱ्या वितरकाकडे सोपवावे. सोपवताना गायकाचे नाव प्रत्येक गाण्यात एकाच पद्धतीने लिहावे, नाहीतर एकाच कलाकाराची दोन पाने तयार होतात. भाषांच्या यादीत अहिराणी नसेल तर मराठी निवडावी. चाल परंपरेने आलेली असेल तर संगीतकार म्हणून स्वतःचे नाव घालू नये. आयाबायांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या चालीचा तो मान आहे.

गाणे वितरकाकडून पोहोचले की ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या सेवेत आपले पान ताब्यात घेऊन आगामी गाण्यासमोरचा अर्ज भरावा. एका वेळी एकाच गाण्यासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे चार गाण्यांपैकी सर्वांत जोरकस कोणते हे आधीच ठरवावे. अर्ज प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी गेला, तर संपादकांनी निवडले नाही तरी ते गाणे आपल्या अनुयायांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत येते. एवढ्या एका लाभासाठीसुद्धा अर्ज करावाच.

खरी कसोटी 500 अक्षरांच्या वर्णनाची असते. ‘आमचे गाणे अतिशय सुंदर आहे, कृपया संधी द्यावी’ या वाक्यातून संपादकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘अखाजीला माहेरी आलेल्या मुली झोक्यावर म्हणतात त्या चालीवरचे अहिराणी गाणे. दोन स्त्रियांचे आवाज, सोबत डफ आणि बासरी. शब्द नवे, चाल पारंपरिक. धुळे व जळगाव जिल्ह्यांतील आमच्या कार्यक्रमांत हे गाणे सादर होते.’ अहिराणी न जाणणाऱ्यालाही गाण्याचा प्रसंग, वाद्ये आणि श्रोता यातून दिसतो. माझ्या मते निवडीची शक्यता वाढवणारे आपल्या हातातले साधन हेच आहे.

स्वतंत्रपणे प्लेलिस्ट चालवणाऱ्यांना मात्र प्रकाशित गाण्याचा दुवा पाठवता येतो. आधी त्यांची प्लेलिस्ट पूर्ण ऐकावी, आपले गाणे तेथील कोणत्या गाण्यांशेजारी शोभेल हे दोन ओळींत सांगावे आणि एकच मजकूर पन्नास जणांना धाडू नये. ठरावीक रकमेत अमुक हजार वेळा गाणे वाजवून देण्याची हमी देणाऱ्यांना पैसे मुळीच देऊ नयेत. असे आकडे बहुधा यंत्राने फुगवलेले असतात. ते उघडकीस आले की स्पॉटिफाय ते वगळते, त्यांचे मानधन देत नाही आणि वितरक गाणेच काढून टाकू शकतो.

प्रकाशनानंतर श्रोते कोणत्या शहरांतून आले हे त्याच पानावर पाहावे. पुणे, सुरत किंवा नाशिक यादीत वरच्या क्रमांकावर दिसले, तर पोटापाण्यासाठी तिकडे गेलेली आपली माणसे ऐकत असण्याची शक्यता आहे, आणि पुढच्या गाण्याच्या वर्णनात त्या शहरांचा उल्लेख अवश्य करावा.