देश व्यापारी संघात गेल्यावर त्याचा शेतमालाचा व्यापार खरंच वाढला का? असं तपासा

पोलंड १ मे २००४ रोजी युरोपीय संघात गेला. त्याच्या शेतमाल-निर्यातीचा आलेख पहिल्यांदा काढला, तेव्हा रेष अशी चढली की सगळं श्रेय संघाला देऊन मी मोकळा झालो. आकडे मात्र डॉलरमधले होते. २००२ मध्ये एक युरो सरासरी ०.९५ डॉलरचा होता, २००४ मध्ये १.२४ चा. म्हणजे युरोत विकलेला माल तेवढाच राहिला, तरी डॉलरमध्ये तो फुगलेला दिसणार! तेव्हापासून मी आधी टन बघतो, मग पैसे.

आकडे यूएन कॉमट्रेडवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकड्यांच्या साठ्यात, मिळतात. एचएस म्हणजे मालाच्या वर्गवारीची आंतरराष्ट्रीय क्रमांक-पद्धत; तिची प्रकरणं १ ते २४ म्हणजे ढोबळमानाने शेतमाल आणि खाद्यपदार्थ. पण एकगठ्ठा बेरीज घेऊ नका. लोणी (०४०५), दूध पावडर (०४०२) असं सुटं बघा.

तुलनेला फक्त २००३ धरू नका. पोलंड-युरोप व्यापारातले बरेच अडसर नव्वदच्या दशकापासूनच टप्प्याटप्प्याने उतरत होते. मी सदस्यत्वाआधीच्या चार-पाच वर्षांची सरासरी घेतो.

मोजमापही बदलतं. संघात आल्यावर आपसातल्या मालाचे कस्टम्सचे कागद संपतात आणि कंपन्याच आकडे कळवतात, तेही ठरावीक उलाढालीच्या वर. म्हणून पोलंडची जर्मनीला निर्यात जर्मनीच्या आयातीशी ताडून बघा. आयातीत वाहतूक-विमा धरलेला असतो, त्यामुळे थोडा फरक राहणारच.

आता खरा प्रश्न: व्यापार नव्याने निर्माण झाला, की बाहेरच्या स्वस्त पुरवठादाराकडून संघातल्या महाग पुरवठादाराकडे नुसता वळला? अर्थतज्ज्ञ जेकब वायनर यांनी हा भेद १९५० मध्येच मांडला. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या संघाच्या पूर्वरूपात, सामील झाला आणि न्यूझीलंडचं स्वस्त लोणी सामायिक जकातीच्या (सगळे सदस्य बाहेरच्या मालावर लावतात त्या एकाच जकातीच्या) भिंतीबाहेर पडलं. खास सवलतीचा कोटा मिळाला, पण तो आक्रसत गेला. आयातीची बेरीज पाहून हे कळत नाही, पुरवठादार देशांचे वाटे मांडावे लागतात.

शेजारच्या घटनाही वजा करा. आर्मेनिया जानेवारी २०१५ मध्ये रशियाचा समावेश असलेल्या युरेशियन आर्थिक संघात आला. पण त्याआधीच, ऑगस्ट २०१४ मध्ये, रशियाने पाश्चात्त्य खाद्यपदार्थांवर बंदी घातली होती आणि वर्षअखेरीस रूबल कोसळला होता.

शेवटी महिनावार आकडे काढा. ऑक्टोबर २०१७ मध्ये किर्गिझ-कझाक सीमेवर तपासणी कडक झाली आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. दोन्ही देश याच युरेशियन संघात होते, जकात शून्यच होती; तरी माल अडला, आणि अशी अडचण वर्षाच्या बेरजेत लपून जाते.