कारचा एसी थंड करत नाही? गॅस भरायच्या आधी हे बघा

अकोल्यात मे महिन्यात गाडीचा एसी बंद पडणं म्हणजे काय ते विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, दुपारी दोनला स्टिअरिंगला हात लावला तरी चटका बसतो. माझ्या जुन्या हॅचबॅकने सलग तीन उन्हाळे हाच खेळ केला आणि तिन्ही वेळा गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, पाइपला बोट लावून एकच सांगितलं, "दादा, गॅस संपला." भरला, पैसे दिले, जूनपर्यंत चाललं, पुढच्या एप्रिलात परत तेच. चौथ्या वर्षी कुठे माझी ट्यूब पेटली की अरे, गॅस संपतो म्हणजे काय, तो काय पेट्रोल आहे का जळायला?

तर एसीचा गॅस संपत नसतो, गळतो. बंद पाइपातून तोच तोच गॅस फिरत राहतो, कॉम्प्रेसर दाबतो, पुढचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याला पातळ (द्रव) करतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो परत वाफ होतो आणि आतली गरमी घेऊन निघतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडाफार झिरपतो हे खरं, म्हणजे आठ-दहा वर्षं जुन्या गाडीत जरा कमी झाला तर समजू शकतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागतोय म्हणजे कुठेतरी भोक आहे. आणि बऱ्याचदा तर गॅस पूर्ण असतो, रोग दुसरीकडेच असतो. म्हणून भरायचं सगळ्यात शेवटी, आधी शोधायचं.

आधी फुकटातलं. हसू नका, पण टेंपरेचरचा नॉब पूर्ण निळ्याकडे आहे का बघा, आणि बाहेरची हवा घ्यायचं बटण चालू राहिलंय का तेही. बाहेर ४४ अंश असताना तीच हवा आत ओढत राहिलात तर कुठलाही एसी हात टेकेल. मग ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर काढा (बहुतेक गाड्यांत तिथेच असतो). माझ्यातून वाळलेली कडुलिंबाची पानं आणि पावशेरभर धूळ निघाली होती. हवा थंड येतेय पण कमी येतेय, तर भानगड फिल्टरची नाहीतर ब्लोअरची. आणि हायवेवर तासभर छान चालून हळूहळू हवाच यायची बंद होते, दहा मिनिटं एसी बंद ठेवला की गाडीखाली भरपूर पाणी गळतं आणि परत सुरू होतं, असं असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय, तिथे कॉइलचा सेन्सर बघायला लावा.

आता बॉनेट उघडा. इंजिन चालू, एसी फुल, कोणालातरी आत बसवून बटण चालू-बंद करायला सांगा आणि तुम्ही कॉम्प्रेसरकडे बघा. पुली कायम फिरतेच, पण एसी लावल्यावर "टक" आवाज होऊन तिच्या पुढची चकतीही फिरायला लागली पाहिजे. टक आवाजच नाही तर फ्यूज बघा, मग रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा डबा), शेजारीच त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असतो बऱ्याच गाड्यांत, तो अदलाबदल करून बघायला काही खर्च येत नाही. दर चार-पाच सेकंदांनी टक टक टक चालू-बंद होतंय तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता चांगलीच आहे, प्रेशर खाली आलं की स्विच कॉम्प्रेसरला तोडतो, परत चढलं की जोडतो. आणि गॅस पूर्णच गेला असेल तरी टक होत नाही, तोच स्विच अडवतो. युट्यूबवर बघून तो स्विच डायरेक्ट करून कॉम्प्रेसर चालवू नका, गॅसबरोबरच आत तेल फिरतं, गॅस नाही म्हणजे तेल नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. (नव्या काही गाड्यांत ती चकती जोडणारा कॉम्प्रेसरचा क्लचच नसतो, तिथे टक ऐकायची वाट बघत बसू नका.)

आता कंडेन्सर. एसी हायवेवर थंड, सिग्नलला गरम, हे लक्षण असेल तर गॅसवर एक रुपया घालवू नका, कंडेन्सर किंवा त्याचा फॅन बघा. धावत्या गाडीत वारा लागतो म्हणून चालतं, थांबलं की फॅनच्या भरवशावर. एसी लावल्यावर थोड्या वेळात फॅन फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर परत फ्यूज, रिले, मोटर. आमच्याकडे अजून एक गंमत, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने रोज येणं-जाणं असलं की जाळीत कापूस अडकून त्यावर धुळीचं अक्षरशः लिंपण होतं. इंजिन थंड असताना बागेच्या साध्या नळीने, जमलं तर आतून बाहेर, धुवून काढा, प्रेशर वॉशर मारू नका, त्या नाजूक पट्ट्या आडव्या होतात.

इथेच एक टेस्ट करून टाका, मला सगळ्यात आवडते. एसी चालू ठेवून समोरून कंडेन्सरवर मगभर पाणी ओता. दोन-तीन मिनिटांत कूलिंग एकदम सुधारलं तर कंडेन्सर उष्णता टाकत नाहीये, म्हणजे मळ, फॅन, नाहीतर आधीच्या कोणीतरी गॅस जास्त भरून ठेवलाय. हो, जास्त गॅसनेही एसी गरम होतो, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, थंड नाही तर टाक अजून असं करून रोग वाढवतात.

मग हाताने पाइप चाचपा, फॅन-बेल्टपासून लांब राहून, लोंबती ओढणी नाहीतर सैल बाही नको. पाच मिनिटं चालल्यावर जाड पाइप गार आणि ओला लागला पाहिजे, बारीक पाइप कोमट ते गरम. कॉम्प्रेसर फिरतोय तरी दोन्हींत फरकच नाही, तर एक तर गॅस फार कमी नाहीतर कॉम्प्रेसर दमलाय. कुठला ते बोटाने कळत नाही, त्याला प्रेशर मोजायचं गेज लागतं.

डबल गेजचा सेट एकदा घेऊन ठेवला की दहा वर्षं जातो, मित्रमंडळीत फिरतो आणि परत येत नाही. निळा लो साइडला म्हणजे जाड पाइपला, लाल हाय साइडला म्हणजे बारीक पाइपला. कपलर वेगवेगळ्या मापाचे असतात (१३ आणि १६ मिलिमीटर) त्यामुळे आर-१३४ए (हा एसीच्या गॅसचा प्रकार) च्या गाडीत उलटं लागत नाही, देवाची कृपा. गेज लावताना इंजिन बंद आणि गेजवरच्या दोन्ही चाव्या (वॉल्व्ह) बंद. बंद इंजिनला दोन्ही काटे सारखेच दिसतात, ३० अंशाला साधारण ९५ ते १०० पीएसआय, ३८ ला १२५ च्या आसपास. पण यावरून गॅस "भरपूर आहे" असं समजू नका, आत थोडासा जरी पातळ गॅस शिल्लक असेल तरी प्रेशर तेवढंच दाखवतो, घरच्या सिलिंडरसारखं, अर्धा झाला म्हणून ज्योत अर्धी होत नाही. आकडा खूपच कमी असेल तर मात्र जवळपास रिकामा झालाय.

खरं वाचन इंजिन दीड हजार आरपीएमला, एसी-ब्लोअर फुल ठेवून. ४० अंशाच्या दिवशी लो साइड ३५ ते ५० आणि हाय साइड २३० ते २६०, थोडं वर गेलं तरी चालतं, हे ढोबळ आकडे आहेत, गाडीगणिक फरक पडतो. दोन्ही काटे खाली तर गॅस कमी. दोन्ही वर तर गॅस जास्त, किंवा कंडेन्सर तापलाय, किंवा आत हवा शिरलीय. लो वर आणि हाय खाली, म्हणजे दोघांत अंतरच पडत नाही, तर कॉम्प्रेसर गेला, मन घट्ट करा. आणि लो साइडचा काटा शून्याखाली चाललाय तर मध्ये कुठेतरी चोक आहे, बहुतेक एक्स्पान्शन वॉल्व्ह (कॉइलच्या आधी गॅस बारीक भोकातून सोडणारा) किंवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा), तिथे गॅस भरून काही होणार नाही.

गॅस कमीच निघाला? मग भोक शोधा. गॅसबरोबर तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, त्यामुळे एसीच्या पाइपावर, जॉइंटवर, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात कुठे तेलकट काळा डाग दिसतोय का बघा. भांडी घासायच्या लिक्विडचा फेस ब्रशने लावा, बुडबुडे बघा. बारीक गळती फेसाने कळत नाही, त्याला गॅसमध्ये यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकून आठवड्याने रात्री यूव्ही टॉर्च मारायचा. माझी गळती कुठे सापडली सांगू? ज्या नोझलमधून दरवर्षी गॅस भरत होते, त्याच नोझलच्या पिनमधून! गाडीच्या टायरच्या वॉल्व्हमध्ये असते तशी छोटी पिन, वर प्लॅस्टिकची टोपी असते ती कोणीतरी काढून ठेवली ती ठेवलीच, आत माती गेली, पिन नीट बसेना. नवी पिन आली चहा-पोह्याच्या पैशात. पिन बदलायची ती गॅस काढून घेतल्यावरच हं, भरलेल्या सिस्टिमची पिन उघडलीत तर बंदुकीसारखी सुटेल. आणि लीक बंद करणारं औषध म्हणून जे कॅन मिळतात ते नकोच, ते भोकही बुजवतं आणि वॉल्व्हही बुजवतं.

आता भरणं. आधी बॉनेटखालचं स्टिकर वाचा, कुठला गॅस आणि किती ग्रॅम. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या आर-१३४ए वर आहेत, छोट्या गाड्यांत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. १२३४वायएफ (हा वेगळाच गॅस) लिहिलं असेल तर त्यात आर-१३४ए टाकायचा नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या घरी अजिबात नको, जाड नारिंगी वायरी दिसल्या की बॉनेट बंद, तेलसुद्धा तिथे वेगळं असतं. गॅसचा कॅन ओळखीच्या दुकानातून, सील बघून घ्या. स्वस्तातला बनावट गॅस फार वाईट, त्यात मिथाइल क्लोराइड असेल तर ते अ‍ॅल्युमिनियमशी भांडतं, २०११ मध्ये रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरांत असाच बनावट गॅस जाऊन स्फोट झाले आणि माणसं मेली. कोणी एलपीजी मिसळून देतो म्हणाला तर गाडी वळवा.

सिस्टिम पूर्ण रिकामी झाली असेल किंवा कुठलाही जॉइंट उघडला असेल तर व्हॅक्यूम केल्याशिवाय भरायचं नाही, नाहीतर आतली हवा आणि ओल कायमची आत राहते. गेजची मधली पिवळी होज व्हॅक्यूम पंपाला, दोन्ही चाव्या उघड्या, अर्धा ते पाऊण तास. समुद्रसपाटीला निळ्या गेजचा काटा शून्याखाली जवळजवळ ३० इंचांपर्यंत जातो, अकोल्यात २९, पुण्यात २८ च्या आसपासच थांबतो, उंचीमुळे, पंप खराब म्हणून परत करायला जाऊ नका. मग आधी चाव्या बंद, नंतर पंप बंद, आणि अर्धा तास चहा. काटा वर आला तर अजून गळतंय, परत शोधा, भरू नका.

भरताना चष्मा आणि हातमोजे घाला, हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो, कातडीवर पडला की मांस गोठतं. जागा मोकळी, आणि बिडी-सिगारेट कोणाची नको, ज्योतीतून गेला की विषारी वायू होतो. कॅनच्या चावीची सुई आधी पूर्ण वर फिरवून घ्या, मग कॅनवर बसवा, मग खाली फिरवून भोक पाडा, परत वर फिरवली की गॅस सुटतो. पंपावरून काढून कॅनच्या चावीला लावलेली पिवळी होज गेजकडे क्षणभर सैल करून तिच्यातली हवा घालवा. पूर्ण रिकामी असेल तर इंजिन बंद ठेवून निळ्या चावीने थोडा गॅस घ्या, व्हॅक्यूम फिटला, प्रेशर आलं, की मग इंजिन. एसी फुल, आतली हवा फिरवायचं बटण, दारं उघडी. कॅन उभाच धरायचा, उलटा केला तर पातळ गॅस कॉम्प्रेसरमध्ये जातो आणि पातळ काही दाबलं जात नाही, आत मोडतोड होते. लाल चावीला इंजिन चालू असताना हातच लावायचा नाही, हाय साइडचं प्रेशर कॅनमध्ये उलटं शिरलं तर कॅन फुटतो, हे गमतीत घेऊ नका.

थोडा थोडा, पाच-दहा सेकंद सोडा, थांबा, काटे बघा. कॅन गार पडून गॅस यायचा थांबला की कोमट पाण्याच्या टोपात ठेवा, उकळत्या नाही, शेगडीवर तर मुळीच नाही. आणि कॅन किचनच्या वजनकाट्यावर (बायकोला विचारून) आधी-नंतर मोजा. रिकाम्या सिस्टिममध्ये स्टिकरवरचे ग्रॅम भरले की संपलं, प्रेशर कितीही मोह पाडो. टॉप-अप करताना आत आधी किती आहे हे कळायला मार्गच नाही, म्हणून तिथे कंजूषपणा करा, टक-टक थांबली, जाड पाइप ओला झाला, की बंद. नक्की हवं असेल तर ज्या गॅरेजात रिकव्हरी मशीन आहे तिथे जुना काढून वजनावर भरून घ्या. जुना गॅस हवेत सोडून देणारे असतात, तसं करू नका, ४५० ग्रॅमचा एक कॅन हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात साडेसहाशे किलोच्या आसपास जातो, म्हणजे छोटी पेट्रोल गाडी जवळजवळ पाच हजार किलोमीटर पळवल्यासारखं.

झालं की मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर खोचा, दारं लावून दहा मिनिटं चालवा. सकाळी ६ ते १० अंश आलं तर उत्तम, भर दुपारी उभ्या गाडीत १२-१४ आलं तरी तक्रार करू नका. मग इंजिन बंद करून कपलर काढा, नोझलवर फेसाचा एक थेंब टाकून बुडबुडा येतो का बघा, आणि दोन्ही टोप्या घट्ट लावा. मी बॉनेटच्या आत मास्किंग टेपवर तारीख आणि ग्रॅम लिहून चिकटवलंय. आता गॅरेजवाला पाइपला बोट लावायच्या आधी ते वाचतो.