स्टॉक फोर बाय फोर मॉडिफाय करताय? आधी या चुका टाळा

नवी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी गाडी) दारात येते आणि चिखलात उतरायच्या आधीच यादी तयार होते: लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सस्पेन्शनचे भाग), मोठे टायर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), टपावर लाइटबार. गाडी कुठे आणि कशामुळे अडते हे ठाऊक नसताना उपाय विकत घेणं, ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक.

गाडी अडायचे प्रकार तसे मोजकेच. ती पोटावर बसते, नाक किंवा शेपूट टेकते, तिरक्या खड्ड्यात कर्णरेषेतली दोन चाकं (जसं पुढचं डावं आणि मागचं उजवं) हलकी होऊन नुसती फिरतात, किंवा टायरला पकडच मिळत नाही. या प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. पाचवा प्रकार कुणी कबूल करत नाही: चालवणाऱ्यानेच लाइन, म्हणजे चाकं न्यायची वाट, चुकीची धरलेली असते, आणि त्यावर कुठलंही किट मिळत नाही. म्हणून सुरुवातीच्या ट्रेल स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशा गाडीनेच करा. अडलात की खाली वाकून नेमकं काय लागलंय ते बघा आणि नोंदवून ठेवा. खरेदीची यादी त्या नोंदींतून निघाली पाहिजे.

हवा न काढताच टायरला नावं ठेवणं

रस्त्यावरची ३२-३५ पीएसआय हवा घेऊन वाळूत उतरायचं आणि रुतल्यावर टायरला दोष द्यायचा, हे सर्रास चालतं. खडकाळ वाटेवर १८ ते २० आणि मऊ वाळूत साधारण १५ पीएसआयपर्यंत हवा उतरवली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि रबर दगडाला लपेटून घेतं. चांगला गेज आणि छोटा कॉम्प्रेसर एवढ्यावर मिळणारा हा फरक कित्येक महागड्या बदलांपेक्षा मोठा असतो. मात्र हवा कमी असताना वेग आवरा, झटक्यात वळू नका. साध्या रिमवर १२ पीएसआयच्या खाली गेलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरी रस्ता लागायच्या आधी हवा परत भरा.

हे करूनही चिखलात घसरत असाल, किंवा हायवे टायरची बाजू दगडांनी फाटत असेल, तर ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर घ्या. मड-टेरेन (खास चिखलाचे) दिसायला रुबाबदार असतात खरे, पण ओल्या डांबरावर त्यांचं ब्रेकिंग कमी पडतं आणि ते आवाजही फार करतात. रोजच्या वापराच्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

लिफ्ट केली म्हणजे गाडी सगळीकडून उंच झाली असं समजणं

सॉलिड अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध दांडा) असलेल्या गाडीत सस्पेन्शन लिफ्टने बॉडी आणि चेसिस वर जातात. डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलवरच्या, दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरचा) भोपळा आहे तिथेच राहतो, आणि दगड बहुधा त्यालाच लागतो. भोपळा उचलायचा तर मोठे टायरच लागतात, तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच उंची देतात. २३५/७० आर १६ च्या जागी २४५/७५ आर १६ टाकला तर व्यास सुमारे ३८ मिमी वाढतो, म्हणजे अ‍ॅक्सलखाली मिळाले फक्त १९ मिमी. बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ च्या आसपास पळत असेल. गिअरिंगही तेवढंच लांबतं, त्यामुळे लो रेंजमध्ये (कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) मुंगीच्या पावलाने चढणारी गाडी थोडी घाई करू लागते.

नाक-शेपटीचे कोन सुधारायला आणि मोठ्या टायरला जागा करायला लिफ्ट उपयोगी आहे, यात वाद नाही. पण एक बदल दुसरा मागतो. लिफ्टनंतर पुढची लक्षणं दिसली तर ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका:

- सरळ रस्त्यावर स्टीअरिंग भरकटतं, वळणानंतर आपोआप सरळ होत नाही: कॅस्टरचा कोन (पुढची चाकं ज्या अक्षाभोवती वळतात त्याचा मागे कललेला कोन) कमी झालाय. नुसतं टो-अलाइनमेंट (चाकांची तोंडं सरळ करणं) करून भागत नाही, कॅस्टर दुरुस्त करणारे बुश किंवा आर्म लागतात.
- ठरावीक वेगाला खालून थरथर येते: आधी व्हील बॅलन्सिंग तपासा, मग प्रोपेलर शाफ्टचा (अ‍ॅक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) कोन.
- इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये पूर्ण वळवल्यावर टकटक आवाज, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं: सीव्ही जॉइंट (चाकाला जोर देणारा वाकता सांधा) जास्त कोनात चालतोय, त्याचं रबरी आवरण (बूट) फाटलंय.
- सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबल्यावर ब्रेकचा होज ताणला जातो: गाडी जागेवरच थांबवा, लांब होज बसल्याशिवाय चालवू नका.

डिफ लॉकरची घाई

दोन चाकं हवेत गेली आणि खालून घरघर ऐकू आली की बहुतेक जण घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतात. ती घरघर म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे जोर पाठवतोय. पाय दोन-तीन सेकंद स्थिर ठेवला तर बऱ्याचदा गाडी आपणहून निघते. त्यानंतरही त्याच जागी अडत असाल तर लॉकरचा (अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपाचा) विचार योग्य. पुढचा लॉकर लावून वळायला गेलात तर स्टीअरिंग जड होतं, म्हणून निवड एकाचीच असेल तर मागचा घ्या.

वजन न मोजणं

लोखंडी बंपर, विंच, टपावरचा रॅक, तंबू, जादा स्टेपनी. प्रत्येक वस्तू एकेकटी क्षुल्लक वाटते, पण सगळी मिळून स्प्रिंग दाबून टाकतात आणि लिफ्टने मिळालेली उंची खाऊन टाकतात. टपावरचं वजन तर तिरक्या उतारावर थेट गाडी उलटवायला मदत करतं. टपावर किती वजन चालेल ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. कित्येक गाड्यांना १०० किलोचीही परवानगी नसते आणि रॅकचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं असतं.

स्नॉर्केल लावून पाण्यात बिनधास्त घुसणं

स्नॉर्केल फक्त हवा वरून घेतो. एअरबॉक्सचे जोड घट्ट नसतील तर पाणी तिथूनच शिरतं. शिवाय तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर नळी (डिफरन्शियलला बाहेरची हवा देणारी) आखूड असेल तर पाणी आत ओढलं जातं. पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. आणि इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

विंच आहे, पण हुक लावायला जागाच नाही

चेसिसला बोल्ट केलेले, क्षमता लिहिलेले रिकव्हरी पॉइंट (अडकलेली गाडी ओढायला हुक लावायच्या जागा) पुढे-मागे हवेतच. वाहतुकीसाठी दिलेल्या बांधायच्या कड्या त्या कामाच्या नाहीत. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा अडकवून झटका देणं तर थेट जिवावर बेततं, तुटलेला बॉल गोळीसारखा सुटतो आणि माणसं दगावल्याचे प्रसंग घडले आहेत. विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट धरा. ड्रमवर दोराचे जितके थर जास्त, तितकी त्याची ओढ कमी, हेही हिशेबात घ्या.

माझ्या मते बहुतेकांसाठी योग्य क्रम असा: हवा आणि गेज, रिकव्हरी पॉइंट, खालचं संरक्षण देणाऱ्या प्लेट, मग टायर. लिफ्ट आणि लॉकर नोंदी मागतील तेव्हाच. बंपर बदलायच्या आधी एअरबॅगच्या सेन्सरला आणि पुढच्या रडारला त्याचा अडथळा होणार नाही याची खात्री करा. तुमच्याकडचे नोंदणीचे नियम तपासा, विमा कंपनीला बदल लेखी कळवा. काम झाल्यावर पूर्ण सामान आणि माणसं घेऊन गाडी वजनकाट्यावर न्या, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून पाहा, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सस्पेन्शनचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या.