रिजनलला निघायच्या आधी उसनवारीची तयारी

एफआरसी म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, शाळेतल्या मुलांची रोबोट स्पर्धा. तिच्या अमेरिकेतल्या रिजनलला, म्हणजे विभागीय फेरीला, पहिल्यांदा निघालेल्या आपल्या टीमा रोबोटची पॅकिंग अगदी नीट करतात, पण उसनवारीची तयारी कुणी करत नाही, आणि तिकडे पिटात, म्हणजे टीमांच्या रोबोट दुरुस्तीच्या जागेत, पार्ट मागायची किंवा द्यायची वेळ येतेच येते. म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकते, निघायच्या महिनाभर आधीच बसून वाचा.

सगळ्यात आधी यंदाच्या गेम मॅन्युअलमधला (स्पर्धेच्या नियमांच्या पुस्तकातला) इन्स्पेक्शनचा, म्हणजे रोबोट तपासणीचा भाग प्रिंट करा आणि त्यातला सुरुवातीचा नियम मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. रोबोट आणि त्याची मेजर मेकॅनिझम तुमच्याच टीमनं बनवलेली पाहिजेत असं तो सांगतो. मेजर मेकॅनिझम म्हणजे खेळातलं एखादं अख्खं काम करणारा जोडलेला भाग, जसं की ड्राइव्हट्रेन किंवा गेम पीस (खेळातली वस्तू) उचलणारा इन्टेक. म्हणजे शेजारच्या टीमचा तयार इन्टेक उचलून आपल्या रोबोटवर बसवायचा नाही, पण त्यांनी गिअरबॉक्स दिला, शाफ्ट दिला, आपल्यासाठी प्लेट कापून दिली, रात्र व्हायच्या आत कोड दुरुस्त करायला बसले तर ते सगळं चालतं, मदत घ्यायला बंदी नाही हे मॅन्युअलमध्येच स्पष्ट लिहिलंय. हा नियम का आला तेही मुलांना सांगा. 2015 च्या रीसायकल रश या खेळाच्या वेळी मोठ्या टीमा प्लेऑफमध्ये आपल्या पार्टनरच्या रोबोटवर स्वतःची तयार मेकॅनिझम चढवायच्या, त्याला चीजकेक म्हणायचे. अलायन्स, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टीमांचा गट, जिंकायचं हे खरं, पण जानेवारीपासून राबून मुलांनी बनवलेला भाग काढून ठेवायचा आणि दुसऱ्याचा मिरवायचा, हे मला कधीच पटलं नाही, त्यामुळे नियम अगदी बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, रीइन्स्पेक्शन. तुटलेल्या मोटरच्या जागी तंतोतंत तशीच मोटर लावली तर परत इन्स्पेक्शन लागत नाही, पण वेगळा पार्ट लावला, मटेरियल किंवा वजन बदललं की लागतं. म्हणून मागायला जाताना मोघम मागू नका. आपल्या प्रत्येक मोटरचं, कंट्रोलरचं, बेअरिंगचं, चेनचं पूर्ण नाव आणि साइज एका कागदावर लिहून तो पिटात चिकटवून ठेवा, म्हणजे सगळ्यात लहान मुलगा पळत गेला तरी बरोबर वस्तू आणेल. वजनावर पण लक्ष ठेवा, 2025 ला लिमिट बंपर आणि बॅटरी सोडून 115 पाउंड होती आणि काठावर असाल तर उसना जाड ब्रॅकेट पण नडतो. फुकट मिळाली म्हणून वस्तूची किंमत शून्य धरत नाहीत, एका वस्तूची बाजारभावानं जी 600 डॉलरची मर्यादा आहे ती तिलाही लागते.

बॅटरीचं काम मात्र महिनाभर आधीच करा, यावर मी अडून बसते. एफआरसीची लेड-ॲसिड बॅटरी 12 व्होल्ट आणि साधारण 18 अँपिअर-अवरची, म्हणजे दोनशेच्या वर वॉट-अवर झाले, आणि प्रवाशाला विमानात अशी बॅटरी 100 वॉट-अवरपर्यंतच नेता येते. म्हणजे मुंबईहून घेऊन जायचा प्रश्नच नाही. त्या रिजनलला येणाऱ्या तिथल्या दोन-तीन टीमांना मेल करा, किती बॅटऱ्या हव्यात, कुठल्या दिवशी, चार्जर पण मिळेल का, सगळं त्यातच विचारा, कारण आपला 230 व्होल्टचा चार्जर तिकडच्या 120 व्होल्टवर चालेलच असं नाही. लोक मनापासून हो म्हणतात, फक्त आयत्या वेळी विचारलं तर त्यांच्याकडेही उरलेली नसते.

स्क्रूचं पण बघा. आपण इथे एम5 वापरतो, अमेरिकेत पिटात सगळीकडे 10-32 मिळतात, आणि दोन्ही हातात घेतले तर सारखेच वाटतात, थोडं आत जातात पण, आणि मग अडकून आटे जातात. म्हणून एम5 चे भरपूर स्पेअर स्वतःच न्या आणि उसने आणलेले स्क्रू वेगळ्या डबीत ठेवा.

आता इलेक्ट्रॉनिक्स. आम्ही एकदा मॅच सुरू व्हायला वीस मिनिटं असताना शेजाऱ्यांकडून स्पार्क मॅक्स हा मोटर कंट्रोलर आणला, घाईघाईत लावला, वायर बघितल्या, सगळं ठीक, आणि मैदानात गेल्यावर रोबोट एका बाजूला ओढत राहिला. त्या कंट्रोलरमध्ये त्यांचा कॅन आयडी, म्हणजे रोबोट ज्या नंबरनं कंट्रोलर ओळखतो तो, होता आणि तोच नंबर आमच्या दुसऱ्या कंट्रोलरला होता. ड्रायव्हर मुलगी रडली त्या दिवशी, आणि चूक तिची मुळीच नव्हती, तपासायचं काम माझं होतं. तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय की उसना कंट्रोलर रोबोटवर चढायच्या आधी लॅपटॉपला लागतो, फर्मवेअर बघायचं, आयडी बदलायचा, मोटर फिरवून दिशा बघायची. रोबोरिओ (रोबोटचा मुख्य कॉम्प्युटर) आणला तर आपल्या टीम नंबरनं परत इमेज करायचा, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर नव्यानं टाकायचं, रेडिओ आणला तर इव्हेंटच्या किऑस्कवर जाऊन प्रोग्राम करून घ्यायचा. त्यासाठी लागणारे सगळे सॉफ्टवेअर घरूनच टाकून न्या, तिथल्या नेटच्या भरवशावर राहू नका.

आणि फक्त घेणारे होऊ नका. एक डबा द्यायचा म्हणून वेगळा भरा, झिप टाय, फ्यूज, कनेक्टर, ॲलन की, एखादा जास्तीचा एन्कोडर, आणि प्रत्येक वस्तूवर पक्क्या मार्करनं आपला टीम नंबर. पुढच्या मॅचला समोर असणारी टीम मागायला आली तरी द्या, बिघडलेल्या रोबोटला हरवून काय मिळणार आहे.

शेवटी एक साधी वही, दोन पानं पुरतात, एकावर घेतलं, एकावर दिलं, टीम नंबर, वस्तू, वेळ. एकाच मुलाकडे ती जबाबदारी द्या. उसना पार्ट जळला तर लगेच जाऊन मेंटरसोबत सांगायचं, पैसे किंवा नवीन पार्ट विचारायचा, लपवायचं नाही. बॅटऱ्या चार्ज करून द्यायच्या. शेवटच्या दिवशी पिट आवरताना वही उघडून एकेक ओळ टिक करा, आणि एअरपोर्टची टॅक्सी त्यानंतरच बोलवा.