खाऱ्या पाण्याला गोड्या पाण्याचे सल्ले: कायाकवरून जिताडा धरताना या चुका टाळा

कायाकवरून (म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या, अरुंद होडीवरून) गळाने मासे धरण्याविषयी जो मजकूर सहज वाचायला मिळतो, तो बहुतांशी अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या तलावांत बास हा मासा धरणाऱ्यांनी लिहिलेला असतो. तो चुकीचा नसतो, पण ज्या पाण्यासाठी तो लिहिलेला आहे ते पाणी आपले नव्हे. मुंबईत विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव असल्यामुळे तिथे गळ टाकण्याचा प्रश्नच येत नाही, पवईत मगरींचा वावर आहे, आणि ठाणे खाडीचा पश्चिम किनारा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्यात मोडतो. म्हणजे कायाकवाल्याच्या वाट्याला उरतात त्या मनोरी, मार्वे, गोराई अशा खाड्या आणि उत्तरेला वसईची खाडी. तिथे बासचा नावापुरता भाऊबंद भेटतो तो जिताडा, ज्याला बाहेरचे लोक एशियन सीबास किंवा बारामुंडी म्हणतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पाणी उडून गेले तरी मीठ वस्तूच्या सांध्यात राहते, आणि मुंबईच्या दमट हवेतून ओलावा ओढून घेऊन पुन्हा ओले होते. त्यामुळे घरी आणलेले सामान वाळल्यासारखे दिसले तरी खऱ्या अर्थाने कधी वाळत नाही. माझ्याकडच्या ज्या वस्तू माशाने मोडल्या त्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मिठाने खाल्लेल्यांची यादी मात्र सांगायला लाज वाटावी इतकी लांब आहे.

रीळ धुताना होणाऱ्या चुका

पहिली चूक न धुण्याची, आणि ती कोणीही समजू शकतो. दुसरी चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे चुकीच्या रीतीने धुणे. मी माझे पहिले चांगले रीळ, म्हणजे रॉडवरचे दोरा गुंडाळायचे यंत्र, प्रत्येक फेरीनंतर नळाखाली जोरदार धारेत धरत असे आणि स्वतःच्या शिस्तीवर खूश होत असे. चार महिन्यांत त्याचे हँडल खरखरू लागले. उघडून पाहिले तेव्हा आतल्या ग्रीसचा पांढरट लगदा झालेला होता, कारण जोराच्या धारेने बाहेरचे मीठच पाण्याबरोबर आत ढकलले होते. रीळ बादलीत बुडवून ठेवण्याचा परिणामही हाच होतो.

रीळ धुण्यापूर्वी ड्रॅगची, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा किती जोराला सुटेल ते ठरवणाऱ्या ब्रेकची, गुंडी पूर्ण घट्ट करावी, म्हणजे त्याच्या चकत्यांमध्ये पाणी शिरत नाही. त्यानंतर झाडांवर फवारणी करायच्या हातपंपाने, बारीक तुषार करून, गोडे पाणी वरून मारावे. ज्या इमारतींत सकाळी तासभरच पाणी येते तिथे हा पंप दुहेरी उपयोगाचा ठरतो; पाच लिटरच्या एका भरण्यात दोन रिळे, दोन रॉड, वल्हे आणि तरंगायचे जॅकेट एवढे सगळे धुऊन होते. मग रीळ कापडाने पुसावे, हँडल आणि बेल (दोरा अडवणारी तारेची कमान) उघडून सावलीत ठेवावी, आणि ड्रॅग पूर्ण सैल करावा. घट्ट ठेवलेला ड्रॅग आठवडाभर तसाच राहिला तर चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या वेळी दोरा झटके देत सुटतो. ही शेवटची पायरी बहुतेकांकडून विसरली जाते, आणि दोष रिळाच्या कंपनीला दिला जातो.

दोष ओळखायचा असेल तर लक्षणांवरून ओळखावा. दोरा ओढताना किंकाळीसारखा आवाज येत असेल किंवा दोऱ्याला नेहमीपेक्षा जास्त पीळ पडत असेल, तर बहुधा दोरा ज्यावरून वळतो ती छोटी चाकी अडकलेली असते. स्पिनिंग रिळात मिठाचा पहिला बळी तिचे बेअरिंगच असते. तिचा स्क्रू काढून, स्वच्छ करून, तेलाचा एक थेंब पुरतो. हँडल फिरवताना खरखर जाणवत असेल तर मात्र मुख्य गिअरपर्यंत पाणी गेले असे समजावे आणि जुने ग्रीस पूर्ण काढूनच नवे भरावे. जुन्यावर नवे लावणे म्हणजे खराब भाजीवर ताजी कोथिंबीर भुरभुरण्यासारखे आहे. ड्रॅग झटके देत असेल तर चकत्या काढून तपासाव्यात. गंज सोडवण्याचे फवाऱ्याचे तेल हे वंगण नव्हे. ते आतले ग्रीस पातळ करून वाहून नेते, म्हणून अडकलेला स्क्रू सोडवण्यापुरतेच ते वापरावे.

कायाकच्या पोटात पाणी

खाडीतून परतल्यावर कायाक तिरकी केली की आतून पाणी निघते, आणि नवीन माणूस घाबरतो. पेलाभर पाणी झाकणांच्या फटींतून आणि आत साचलेल्या दवातून येऊ शकते, तेवढ्याने काळजीचे कारण नाही. दोन-तीन लिटर पाणी मात्र कुठून तरी आलेलेच असते. कायाक दोन स्टुलांवर ठेवून आत दोन-तीन बादल्या पाणी ओतावे आणि खालून बोट फिरवीत पाहावे. फार पाणी भरू नये, कारण त्याच्या वजनानेच तळ खाली झुकतो. गळती बहुधा तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी सापडते: पाणी निथळण्याच्या भोकांच्या आतील कडेला, रॉड होल्डरच्या रिबिटांजवळ किंवा मागच्या टोकाच्या बुचाच्या रबरी वॉशरपाशी.

भोकांची कड झिजण्याला ढकलगाडी कारणीभूत असते. जिचे दांडे त्या भोकांत खुपसायचे असतात अशी गाडी घेऊन सामानासह कायाक खडबडीत रस्त्यावरून ओढली की प्रत्येक खड्ड्याचा धक्का नेमका त्याच पातळ जागी बसतो. पट्ट्यांनी बांधायची, तळाला गादीसारखा आधार देणारी गाडी थोडी महाग पडते, पण तळ वाचतो.

भेग बुजवण्यासाठी घरातल्या नळाला लावायची इपॉक्सी पुट्टी वापरणे ही सर्वांत लोकप्रिय चूक आहे, आणि ती मीही केली आहे. बहुतेक मासेमारीच्या कायाक पॉलिथिनच्या असतात आणि पॉलिथिनला सामान्य गोंद किंवा इपॉक्सी धरून राहत नाही; पुट्टी दिसायला घट्ट बसते आणि पहिल्या उन्हात पापडासारखी सुटते. त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी तापवून वितळवून जोडणे हाच टिकाऊ उपाय आहे. रिबिटांच्या बाबतीत ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील यांचा खाऱ्या पाण्यात थेट संपर्क आला की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते, आणि तिथे पांढरी भुकटी दिसू लागते. ही भुकटी दिसली की ती पुसून सोडून देऊ नये. रिबिट बदलावी, शक्य असेल तिथे ३१६ प्रतीच्या स्टीलचे नट-बोल्ट आणि रबरी वॉशर लावावेत. हार्डवेअरच्या दुकानात नुसते स्टेनलेस मागितले तर बहुधा ३०४ हाती पडते, जे स्वयंपाकघरासाठी उत्तम आणि खाडीसाठी अपुरे आहे.

नांगर, ओहोटी आणि एक फसलेली सकाळ

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण बाकीच्या चुकांत सामान जाते आणि या चुकीत माणूस जाऊ शकतो. तलावात नांगर कुठेही बांधला तरी चालते. आपल्या खाडीत उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून अधिक वरखाली होते, आणि ते सगळे सहा तासांच्या आसपास अरुंद तोंडातून बाहेर पडायचे असते. त्यातही ओढ सर्वकाळ सारखी नसते. पहिल्या आणि शेवटच्या तासात पाणी हळू सरकते, तर मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मे पाणी निघून जाते.

मी एकदा मनोरीच्या खाडीत, ओहोटीच्या नेमक्या त्याच तासांत, नांगराची दोरी बसायच्या जागेजवळच्या कडीला बांधली, कारण ती हाताशी होती. दोरी ताणली गेली, कायाक प्रवाहाला आडवी झाली आणि वरच्या अंगाची कड पाण्याखाली जाऊ लागली. दोरीवरचा भार इतका होता की गाठ सुटेना. चाकू जॅकेटला होता म्हणून दोरी कापता आली. तो पेटीत असता तर हा लेख वेगळ्या माणसाने लिहिला असता. नांगर नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकालाच असावा. त्यासाठी कायाकच्या कडेने फिरणारी दोरी आणि कप्पी बसवून घ्यावी, म्हणजे बसल्या जागेवरून नांगराची दोरी टोकाकडे सरकवता येते. शेवटी झटकन सुटणारा हुक आणि एक तरंगता गोळा जोडावा, म्हणजे संकटात नांगर सोडून देता येतो आणि नंतर येऊन उचलता येतो.

खाडीतला गाळ आणि कालवांनी भरलेले खडक या दोन्हींत घडीचा नांगर अडकतो. दोरी नांगराच्या खालच्या टोकाला बांधून वरच्या कडीला केवळ एका प्लास्टिकच्या पट्टीने अडकवली तर जोराने ओढल्यावर पट्टी तुटते आणि नांगर उलटा निघून येतो. दोरी पाण्याच्या खोलीइतकीच सोडणे हीही चूक आहे; ती किमान तिप्पट हवी, ओढ असेल तर त्याहून जास्त. आणि जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांना कायाक बांधणे हा सोपा मार्ग वाटला तरी टाळावा. तो कोळी बांधवांच्या पोटापाण्याचा भाग आहे, शिवाय प्रवाह कायाकला थेट जाळ्यात दाबतो.

वेळेचा अंदाज तिथीवरून बांधण्याची आपल्याकडची जुनी रीत अजून उपयोगी आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. अंदाजासाठी ती पुरेशी आहे, पण निघण्याआधी छापील कोष्टक पाहावेच. फोन जलरोधक पिशवीत, गळ्यात असावा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक त्यात आधीच साठवलेले असावेत.

दोरा, रॉड आणि आमिषे

जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड सुरीसारखी धारदार असते, त्यामुळे विणलेला दोरा थेट आमिषाला (गळ लावलेल्या नकली माशाला) बांधणे हे मासा हातचा घालवण्याचे खात्रीचे साधन आहे. २० ते ३० पौंडांच्या विणलेल्या दोऱ्याला ४० पौंडांचे जाड तंगूस (नायलॉनचा एकसंध दोरा) जोडावे. रिळाच्या स्पूलवर, म्हणजे दोऱ्याच्या फिरकीवर, विणलेला दोरा गुंडाळण्यापूर्वी खाली थोडे तंगूस असावे, नाहीतर सगळा दोरा स्पूलवरच घसरतो आणि माणूस ड्रॅग बिघडला असे समजतो. ड्रॅग अंदाजाने न लावता लटकत्या काट्याने मोजावा. २० पौंडांच्या दोऱ्याला सव्वादोन ते अडीच किलोंच्या आसपास पुरे. कायाकवर ड्रॅग फार घट्ट असला तर दोरा तुटण्याआधी तोल जातो.

रॉडचे टोक बहुधा मोठा मासा मोडत नाही. मासा कायाकजवळ आल्यावर आपण रॉड उभा डोक्यावर नेतो आणि सगळा वाक टोकाच्या वीतभर भागात येतो, तेव्हा तो मोडतो. दोरा अचानक तुटू लागला तर रॉडच्या कड्यांतील सिरॅमिक तडकले आहे का, ते कानात घालायच्या कापसाच्या काडीने तपासावे. तडा असेल तिथे कापूस अडकतो.

वापरलेले आमिष ओलेच पेटीत टाकले तर त्याच्या गळाचा गंज शेजारच्या आमिषांना लागतो. वापरलेली आमिषे वेगळ्या डब्यात ठेवून घरी धुवावीत. मऊ रबरी मासे आणि कडक प्लास्टिकची आमिषे एकत्र ठेवली तर काही जाती एकमेकांत विरघळून चिकट गोळा होतात.

वल्हे, जॅकेट आणि सोसायटीची गच्ची

वल्ह्याचे दोन भाग जोडूनच ठेवले तर मीठ आणि वाळू सांध्यात आवळून बसतात; प्रत्येक वेळी सोडवून धुवावे, आणि सांध्याला ग्रीस लावू नये, कारण त्यात वाळू अडकते. फोमच्या जॅकेटवर बसल्याने फोम दबतो आणि तरंगण्याची ताकद कमी होते. पाण्याने आपोआप फुगणारे जॅकेट आपल्या दमट पावसाळ्यात नको त्या वेळी फुगू शकते, त्यामुळे इथे मला साधे फोमचेच जास्त भरवशाचे वाटते. खांद्याच्या पट्ट्या धरून कोणी वर ओढले आणि जॅकेट कानाशी आले तर ते सैल आहे.

कायाक गच्चीवर थेट उन्हात, पट्ट्यांनी आवळून ठेवली तर तापलेले प्लास्टिक खोलगट होते. कुशीवर, सावलीत, पट्टे सैल करून ठेवावी. पावसाळ्यात ती उताणी उघडी ठेवणे मात्र मुंबईत वेगळ्याच कारणाने महागात पडते. बसायच्या जागेत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि महापालिकेचे तपासनीस आले तर सोसायटीच्या सचिवांसमोर आपल्या छंदाची बाजू मांडणे कठीण जाते. पावसाळ्यात ठेवताना ती पालथी असावी, झाकणे उघडी असावीत आणि मागचे बूच काढलेले असावे.

काढलेले बूच विसरणे ही नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीची ठरलेली चूक. मी आता ते बूच काढताक्षणीच गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवतो, म्हणजे मार्वेला गाडी उभी करून किल्ली खिशात घालताना ते मांडीला टोचतेच.