पंतप्रधान-मुख्यमंत्री हे प्रकरण कसं वाचावं

सोलापुरात माझ्या अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची पोरं हे प्रकरण थेट राज्यघटनेच्या कलम ७४ पासून घोकायला घेतात. तसं करू नका. आधी कोरा कागद घ्या आणि वर एकच प्रश्न लिहा: हा माणूस जाब कोणाला देतो? मग सनावळी उतरवा.

पहिली नोंद १७२१, ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे रॉबर्ट वॉलपोल. असं पद तेव्हा कायद्यात नव्हतंच. वॉलपोल यांच्या हाती खजिना होता, आणि राजा पहिला जॉर्ज याने मंत्र्यांच्या बैठकांना येणं सोडलं होतं. कारभार हाकणारा कोणीतरी लागतोच. पण १७२१ पेक्षा १७४२ ठळक करा. तेव्हाचा राजा दुसरा जॉर्ज याची मर्जी शाबूत असूनही संसदेचं कॉमन्स सभागृह हातचं गेलं आणि वॉलपोल यांना पायउतार व्हावं लागलं.

पुढची नोंद घरची. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या चार पुतळ्यांवरून रोज जाता-येता ना? त्या वेळी मुंबई प्रांतात मंत्री होते, पण १९१९ च्या कायद्याने पोलीस खातं राखीव, म्हणजे गव्हर्नरकडे. कायदेमंडळात त्यावर भाषणं करा हवी तेवढी, खुर्ची कोणाची हलायची नाही. काही खाती मंत्र्यांकडे, काही गव्हर्नरकडे, हीच द्विदल राज्यपद्धती. १९३५ च्या कायद्याने प्रांतांतली ही विभागणी गेली आणि १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं. द्विदल राज्यपद्धतीवर टीप लिहिताना हेच उदाहरण द्या. पुण्याची पोरं देणार नाहीत.

आता घटना उघडा. पंतप्रधानाची कलमं ७४, ७५, ७८ आणि त्यांच्यासमोर मुख्यमंत्र्याची १६३, १६४, १६७ अशा जोड्या लावा. ७५(३) आणि १६४(२) ला लाल पेन: मंत्रिपरिषद लोकसभेला, विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार. १६४(४) साठी सुशीलकुमार शिंदे आठवा. जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा ते आपले खासदार होते, विधिमंडळात नव्हते. विधिमंडळाचा सदस्य नसतानाही मंत्री राहायची सहा महिन्यांची मुभा इथून येते.

पंतप्रधान कार्यालयाचं कलम शोधत बसू नका, नाहीच. १९४७ ला सचिवालय, १९७७ ला आजचं नाव, एवढं पुरे.

एक हिशेब मात्र करून ठेवा. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्री सभागृहाच्या १५ टक्क्यांवर नेता येत नाहीत. आपले आमदार २८८, म्हणजे जास्तीत जास्त ४३, तेही मुख्यमंत्री धरून. हे ‘धरून’ सुटलं की पर्याय चुकलाच.