जेनोवा पायी पाहावे ते उताराने

पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर उभ्या असलेल्या माणसाला वाट विचारावी लागत नाही. उतार धरून चालत राहिले की उशिरा का होईना, तो मांडवीच्या काठी येतोच. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील जेनोवा हे जुने बंदर (आपल्याकडे 'जिनोआ' म्हणतात ते, स्वित्झर्लंडचे जिनिव्हा नव्हे) याच न्यायाने पाहावे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ते वसले आहे. तेथील मध्ययुगीन गल्ल्यांना 'कारुज्जी' म्हणतात. त्या इतक्या अरुंद आणि दोन्ही बाजूंची घरे इतकी उंच, की मोबाइलवरील निळा ठिपका भलत्याच गल्लीत जाऊन बसतो. अशा वेळी उतारावरच भरवसा ठेवावा.

सुरुवात वरूनच करावी. पोर्तेल्लो चौकातील बोगद्यातून आत गेल्यावर १९०९ पासून चालत आलेली सार्वजनिक लिफ्ट लागते. ती कास्तेल्लेत्तोच्या गच्चीवर नेऊन सोडते. तेथून करड्या पाटीच्या दगडाची छपरे, चर्चचे मनोरे आणि पलीकडे बंदराच्या तोंडाशी उभे असलेले १५४३ चे दीपगृह, 'लांतेर्ना', एका नजरेत येते. दहा मिनिटे शांतपणे उभे राहून बंदर कोणत्या दिशेला आहे ते मनात पक्के करावे आणि मगच खाली उतरावे.

उतरल्यावर लगेच वीया गारिबाल्दी हा रस्ता आहे. सोळाव्या शतकात सावकारी करून गब्बर झालेल्या घराण्यांनी तो सरळ रेषेत आखून घेतला आणि दुतर्फा वाडे बांधले. राज्याच्या पाहुण्यांना कोणत्या वाड्यात उतरवायचे याच्या याद्या असत, त्यांना 'रोल्ली' म्हणत. अशा वाड्यांचा २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तीन वाड्यांत आता संग्रहालये आहेत. वेळ कमी असेल तर चित्रे सोडावीत, पण तुर्सी वाड्यातील विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीचे व्हायोलिन सोडू नये. मांडो या गोव्याच्या गीतप्रकाराच्या साथीला व्हायोलिन ऐकत वाढलेल्या गोमंतकीयाचा पाय त्या काचेसमोर हमखास अडखळतो.

येथे घरक्रमांकांची एक मेख सांगितली पाहिजे. जेनोवात घरांचे क्रमांक काळे आणि दुकानांचे लाल असतात, व दोन्हींची मोजणी स्वतंत्र चालते. मला हे ठाऊक नव्हते. एका बेकरीचा वीस क्रमांक कागदावर लिहून घेऊन मी काळ्या वीसच्या बंद दारापुढे बराच वेळ उभा राहिलो. लाल वीस त्याच गल्लीत पुष्कळ पुढे होता आणि भाजलेल्या पावाचा वास तिकडूनच येत होता. पत्त्यात आकड्यानंतर 'आर' हे अक्षर दिसले, तर लाल क्रमांक समजावा.

तेथून दे फेर्रारी चौकातील कारंजे ओलांडून सान लोरेन्झो या प्रधान चर्चकडे जावे. खांदे झाकलेले असावेत. जुन्या गोव्यातील शिस्त येथेही लागू आहे. दर्शनी भिंतीवरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे छायाचित्र सगळेच काढतात, पण आत उजव्या बाजूला ठेवलेला तोफगोळा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश युद्धनौकांच्या माऱ्यात तो छत फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. जवळच ११५५ च्या तटबंदीचा पोर्ता सोप्राना हा दुहेरी बुरुजांचा दरवाजा आहे, तो जरूर पाहावा. त्याच्या पायथ्याचे 'कोलंबसाचे घर' मात्र अठराव्या शतकात पुन्हा बांधलेले आहे. बाहेरून पाहिले तरी पुरे.

आता उतार धरावा. बांकी चौकातील सान पिएत्रो हे चर्च वर आणि त्याच्या तळाशी दुकाने आहेत, कारण बांधकामाचा पैसा दुकाने विकूनच उभा केला होता. गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर मारियेच्या मूर्तींच्या देवळ्या दिसतील. आपल्या गोव्यातील वस्तीवस्तीवरचे खुरीस, म्हणजे क्रूस, आठवतील. पुढे सान जोर्जो वाडा येतो. १२६० च्या या इमारतीत मार्को पोलो कैदेत होता असे मानतात. जेनोवाच्या कैदेत असतानाच त्याने सांगितलेल्या प्रवासवर्णनात ठाण्याचाही उल्लेख आहे, हे मराठी वाचकाने मनाशी ठेवून भिंतीकडे पाहावे.

दुपारी बरीच दुकाने आणि चर्च बंद असतात; एक ते चार म्हापशाचा बाजार पाहिलेल्याला याचे नवल वाटायला नको. पावसात दगडी फरसबंदी निसरडी होते, म्हणून चपला नकोत. अंधार पडल्यावर आतल्या गल्ल्या टाळून मोठ्या रस्त्याने यावे.

सकाळच्या न्याहारीला फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेल लावून भाजलेली चपटी पावाची रोटी, घ्यावी. जेनोवाचे लोक ती कॉफीत बुडवून खातात, आणि चहात पाव बुडवणाऱ्यांनी त्यात संकोच करण्याचे कारण नाही. शेवट बंदरासमोरच्या सोत्तोरिपा या कमानींखाली फारिनाताने करावा. चण्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढेच तिच्यात असते. रुंद तांब्याच्या परातीत ती भट्टीत भाजतात, त्यामुळे कडा धिरड्यासारख्या करकरीत आणि मध्यभाग मऊ राहतो. परात नुकतीच भट्टीतून निघाली असेल तरच मागावी. निवलेली असेल, तर पुढची निघेपर्यंत थांबावे.